दुपारभर ग्रीने

स्कारव्हीकच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं देणारी गुनवोर गावात सगळ्यांना ओळखत होती आणि गाव तिला. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे एवढंसं गाव. कुणाकडे पाहुणा आला, कुणाची मुलगी सुटकेस घेऊन एकटीच परत आली, हे आधी गुनवोरला कळायचं, कारण येणारा-जाणारा तिच्याच खिडकीवरून जायचा. चोपन्न वर्षांची, लग्न न केलेली, कामाला चोख. खोटं बोललेलं तिला खपत नसे. निदान ती तसं म्हणायची.

तिची आई आस्लाउग टेकडीवरच्या वृद्धाश्रमात होती. आदल्या हिवाळ्यात अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. धक्क्यापासून आश्रम दहा मिनिटांची चढण. तरी गुनवोर जायची ती रविवारी, चर्चमधून येताना, तासभर. आई गुनवोरच्या लहानपणापासूनच अवघड बाई. गुनवोर नऊ वर्षांची असताना वडील समुद्रात गेले, परत आले नाहीत. आईने मग चाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात हेरिंग साफ केले. घरी आल्यावर ती रडलेली गुनवोरने कधी पाहिली नाही आणि हसलेलीही नाही. आईचे पुढचे दात कसे आहेत हे तिला नीट दिसलं ते आईला दंतवैद्याकडे नेलं तेव्हा.

आश्रमात आईकडे बघायला बोडिल होती. चाळिशीची, जाड, मोठ्या आवाजाची, डेन्मार्कहून आलेली. बोटीवरच्या एका इंजिनवाल्याच्या मागे ती इथे आली, इंजिनवाला वर्षभरात दुसऱ्या बंदराला लागला आणि ही राहिली. आश्रमात तिची नोकरी तात्पुरती, दर तीन महिन्यांनी वाढवून मिळणारी. तिच्या बोलण्याची गावात चेष्टा चाले. “डॅनिश म्हणजे आपलीच भाषा, फक्त तोंडात गरम बटाटा धरून बोललेली,” असं लोक म्हणत. गुनवोरही म्हणायची. बोलणं कळायला जरा जड, पण लिहिलेलं मात्र आपल्यासारखंच, असा सगळ्यांचा समज.

जानेवारीत बोडिलने आस्लाउगच्या पलंगाशेजारी एक निळी वही ठेवली.

“तुम्ही रविवारीच येता ना,” ती गुनवोरला म्हणाली, “म्हणून मधल्या दिवसांचं लिहून ठेवत जाईन. तुम्हाला कळेल, आई कशी असते ते.”

तो ‘रविवारीच’ गुनवोरला लागला. तिने वही घेतली, आभार मानले नाहीत.

पहिल्याच आठवड्यात तिच्या कपाळावर आठी पडली. बोडिलने लिहिलं होतं, ‘फ्रोकोस्त बारा वाजता, खिडकीशी बसून. दोन पाव, तपकिरी चीज.’ स्कारव्हीकमध्ये फ्रोकोस्त म्हणजे सकाळची न्याहारी. म्हणजे माझ्या आईला ही बया बारापर्यंत उपाशी ठेवते? पुढच्या पानावर होतं, ‘आस्लाउग फार रार बाई आहे.’ रार म्हणजे विचित्र, चक्रम. तेही मुलीच्या तोंडावर! आणि तिसऱ्या आठवड्यात ते आलं: ‘आज दुपारभर ग्रीने. कॉफी सांडली पांघरुणावर, तरी थांबेना.’

ग्रीने म्हणजे रडणं. लहान पोर मुळूमुळू रडतं तसं.

गुनवोरने आईकडे पाहिलं. आईचे डोळे पाणावलेले होते, गाल लाल. बोडिल नुकतीच खोलीतून बाहेर गेली होती.

“आई, ही तुला त्रास देते का गं?”

आईने डावा हात उचलून हवेत झटकला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. गुनवोरला वाटलं, भीतीने.

त्यानंतर ती प्रत्येक रविवारी वहीच आधी उघडायची. ‘सकाळी ग्रीने.’ ‘आंघोळीच्या वेळी इतकं ग्रीने की शेजारच्या खोलीतून लोक आले बघायला.’ आपण किती क्रूर आहोत हे ही बाई तारीखवार लिहून ठेवते, आणि वर माझ्याकडे बघून हसते! गुनवोरचं डोकं तापत गेलं. खरं सांगायचं तर त्या तापण्यात तिला बरंही वाटत होतं. आईसाठी आपला जीव तुटतो, हे तिला फार दिवसांनी जाणवत होतं.

मार्चमध्ये ती आश्रमाच्या प्रमुख हेरबोर्गकडे गेली. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या.

“हेरबोर्ग, तुझी ती डॅनिश बाई माझ्या आईला रडवते.”

“बोडिल? काहीतरीच काय!”

“काहीतरीच? दुपारपर्यंत उपाशी ठेवते, तिला चक्रम म्हणते आणि दिवसदिवस रडवते.”

“अगं, न्याहारी आठला स्वयंपाकघरातून जाते. मी स्वतः बघते.”

“जाते गं. भरवतं कोण, ते बघतेस का?”

हेरबोर्ग म्हणाली, “तुला कुणी सांगितलं हे?”

“तिच्याच हातचं लिहिलेलं आहे.”

“दाखव बघू.”

वही गुनवोरच्या मांडीवरच्या पिशवीत होती. पिशवीच्या बंदावर तिची बोटंही होती. पण तिने ती उघडली नाही.

“म्हणजे माझ्या शब्दावर तुझा विश्वास नाही? चाळीस-पंचेचाळीस वर्षांची ओळख आपली, आणि मी काय पुरावे घेऊन फिरू?”

हेरबोर्गने हात वर केले. “बरं बाई, मी विचारते तिला.”

तिने विचारलं. “तुझ्यासमोर आस्लाउग रडते का?” आणि बोडिल म्हणाली, “छे! एकदाही नाही.” हे उत्तर ऐकून गुनवोरला उलट जोरच चढला. स्वतःच लिहायचं आणि स्वतःच नाकारायचं!

त्या रविवारी बोडिल तिला दारातच भेटली. चेहरा पांढरा पडलेला.

“मी काय केलं हो तुमचं? वही वाचत नाही का तुम्ही? सगळं लिहिलंय मी त्यात.”

“वाचते, म्हणूनच गेले हेरबोर्गकडे.”

“वाचून गेलात?” बोडिल तिच्याकडे बघतच राहिली. “ते वाचून तुम्हाला राग आला?”

“मग काय आनंद व्हायला हवा होता?”

बोडिल हळूच म्हणाली, “अशीही माणसं असतात तर.” आणि निघून गेली. आत पलंगावर आस्लाउग घशातून काहीतरी आवाज करत होती, डावा हात गादीवर आपटत होती. गुनवोरने तिच्या केसांवरून हात फिरवला. “आता कुणी नाही हं तुला रडवणार.” आईने तो हात झटकला.

ईस्टरनंतर बोडिलची नोकरी वाढवली गेली नाही. प्रकरण तिथे मिटलं असतं. पण गुनवोरने ते खिडकीतून वाटलं. तिकीट फाडता फाडता ती सांगायची, “ऐकलंत ना आश्रमातलं? म्हाताऱ्या माणसांना रडवते हो ती. माझ्या आईला.” महिन्याभरात बोडिलच्या घरमालकिणीने खोली रिकामी करून मागितली. दुकानात तिच्याशी कुणी सुट्या पैशांपलीकडे बोलेना. शेवटी ती खाडीपलीकडच्या कोळंबीच्या शेडमध्ये सोलायच्या कामाला लागली.

आस्लाउगकडे आता दुसरी बाई यायची, शांत, व्यवस्थित. वही बंद झाली. आई रडत नव्हती, हे गुनवोरने समाधानाने हेरबोर्गला सांगितलं. आई काहीच करत नव्हती. खायला घातलं तर खायची, नाहीतर बसून राहायची. नवी बाई एकदा म्हणाली, “बारा वाजले की दाराकडे बघत बसतात हो या. कुणाची वाट बघतात कोण जाणे.”

जुलैत पर्यटक आले. एक दिवस दुपारच्या बोटीने उतरलेलं एक डॅनिश जोडपं खिडकीशी आलं. नवरा कमरेपर्यंत भिजलेला, बायको डोळे पुसतेय.

“काय सांगू तुम्हाला,” तो म्हणाला, “शिडीवरून सरळ पाण्यात! आणि आम्ही दोघं इतकं ग्रीने, इतकं ग्रीने, की उभं राहवेना.”

“अरे देवा! फार लागलं का?”

“लागलं? छे हो!”

“मग रडलात कशाला?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बायकोला हसू फुटलं. “रडलो नाही हो, हसलो! ग्रीने म्हणजे हसणं. खदाखदा. तुमच्याकडे रडणं म्हणतात? ऐकलंस का रे, इथे ग्रीने म्हणजे रडणं!” आणि ती पुन्हा हसायला लागली.

गुनवोर हसली नाही. नवऱ्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, एक वाजून दहा मिनिटं झाली होती. तो म्हणाला, “भूक लागली बुवा. फ्रोकोस्त कुठे मिळेल इथे?”

उत्तर तिला कळलेलं होतं, तरी तिने विचारलंच. “आणि रार? रार म्हणजे काय तुमच्यात?”

“रार?” बायको म्हणाली. “गोड. मायाळू. तुम्ही आता आम्हाला खानावळ दाखवलीत तर म्हणेन, किती रार बाई आहे ही.”

गुनवोरने हाताने खानावळ दाखवली. ती दोघं गेल्यावर तिने खिडकीचं दार ओढून घेतलं, धक्क्यावर लोक उभे असताना. असं तिने पंचवीस वर्षांत केलं नव्हतं.

घरी येऊन तिने वही काढली. ‘आज दुपारभर हसणं. कॉफी सांडली पांघरुणावर, तरी थांबेना.’ ‘आंघोळीच्या वेळी इतकं हसलो की शेजारच्या खोलीतून लोक आले बघायला.’ ‘दुपारचं जेवण बारा वाजता, खिडकीशी बसून. आस्लाउग फार गोड बाई आहे.’ एके ठिकाणी बोडिलने लिहिलं होतं की ती माशांची नावं मुद्दाम चुकीची घेते, आस्लाउगला ते सहन होत नाही, आणि आज चिडून तिच्या तोंडून ‘कॉड’ हा शब्द स्पष्ट निघाला, मग दोघींनाही ग्रीने आवरेना. आजारपणानंतरचा आईचा पहिला शब्द. गुनवोरने हे तेव्हाही वाचलं होतं. पण पुढचं ग्रीने दिसल्यावर तिला बाकीचं दिसलंच नव्हतं. रडण्याला तिने लगेच जागा दिली होती. आई हसू शकते, हे तिच्या मनाच्या दारातही आलं नव्हतं.

आता लगेच उठून हेरबोर्गकडे जायला हवं होतं. ती गेली नाही.

उद्या जाऊ, म्हणाली. मग म्हणाली, हंगाम संपू दे. मग स्वतःला समजावलं, बोडिलला काम तर मिळालंय, आता जुनं उकरून कुणाचं भलं होणार? तीन आठवडे असे गेले. दिवसा ती तिकिटं देई, आणि खिडकीत कुणी डोकावलं की आधी मान खाली घाली. एकदा पोस्टातला म्हातारा सहज म्हणाला, “बरं केलंस हो त्या डॅनिश बाईला घालवलंस. आता आई खूश असेल.” गुनवोर “हो” म्हणाली. ते ‘हो’ तोंडातून निघालं आणि तिला स्वतःची किळस आली. आपल्याला माहीत नव्हतं, असं आता म्हणता येणार नव्हतं. आता तिला माहीत होतं, आणि ती खोटं बोलली होती.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन हेरबोर्गसमोर बसली. या वेळी तिने स्वतःहून पान उघडून पुढे केलं.

हेरबोर्गने चष्मा लावला. दोन ओळी वाचल्या आणि चष्मा काढला.

“गुनवोर, माझी बहीण वीस वर्षं डेन्मार्कमध्ये नांदतेय.”

“माहीत आहे.”

“त्या दिवशी तू हे पान मला दाखवलं असतंस, तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. एका मिनिटात.”

“माहीत आहे गं.”

“वही होती तुझ्याकडे तेव्हा?”

गुनवोरला ‘नव्हती’ म्हणता आलं असतं. “मांडीवर होती,” ती म्हणाली.

हेरबोर्गने वही मिटून तिच्याकडे सरकवली आणि म्हणाली, “मीही नीट विचारलं नाही. पण मी तुझ्यासाठी जाणार नाही तिच्याकडे. तू जा.”

कोळंबीच्या शेडमध्ये दुपारची सुट्टी झाली होती. बोडिल बाहेर उलट्या टोपलीवर बसून पाव खात होती. सोलून सोलून तिच्या बोटांची टोकं सुजलेली. गुनवोर समोर उभी राहिली आणि वाटेत पाठ केलेलं सगळं विसरली.

“आमच्याकडे ग्रीने म्हणजे रडणं,” ती एवढंच म्हणाली.

बोडिलचा चावायचा वेग मंदावला. मग थांबला. तिचं तिने जुळवलं, एकेक करून. हेरबोर्गचा प्रश्न, दारातलं बोलणं.

“म्हणजे तुम्हाला वाटलं, मी तिला...”

“हो.”

“आणि मला वाटलं,” बोडिल म्हणाली, “आई हसलेली तुम्हाला बघवत नाही. मी विचार करून करून वेडी व्हायची पाळी आली. पोटच्या पोरीला आईचं हसणं कसं सलू शकतं?”

तसं नव्हतं, असं गुनवोरला म्हणायचं होतं. पण वही वाचताना आतून जे बरं वाटायचं ते तिला आठवलं.

“मला माफ करा.”

“कधी कळलं तुम्हाला हे?”

“जुलैत.”

बोडिलने बोटांवर हिशेब केला नाही, पण तिला तो कळला. तिने उरलेला पाव कागदात गुंडाळला.

“शब्द चुकला त्याचं मी धरून बसत नाही. तीन वर्षं मी तुमच्या देशात, मलाही कळायला हवं होतं. पण तो जुलैपासूनचा महिना तुमचा आहे. तो मी नाही माफ करणार.” ती उठली. “मला ती नोकरी परत नको. पण ज्या खिडकीतून सांगितलंत ना, त्याच खिडकीतून सांगा.”

गुनवोरने सांगितलं. पुढचे पंधरा दिवस, प्रत्येक ओळखीच्या माणसाला, तिकिटाबरोबर. “बोडिलने आईला रडवलं नव्हतं. हसवलं होतं. मी शब्द चुकीचा वाचला, आणि कळल्यावरही गप्प बसले.” शेवटचं वाक्य सोडून द्यावंसं दर वेळी वाटायचं. काही लोक हसले, छान गंमत आहे म्हणाले. काहींनी घाईघाईने तिकीट उचललं. घरमालकीण फणकाऱ्याने म्हणाली, “मला तर आधीच खरं वाटलं नव्हतं.” गुनवोरने तिला उलट काही विचारलं नाही. पोस्टातल्या म्हाताऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आणि मला ‘हो’ म्हणालीस की गं तू.”

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी बोडिल आस्लाउगला भेटायला आली. गुनवोरसाठी नाही, हे तिने स्पष्ट सांगितलं. गुनवोर बाहेर बाकावर बसून राहिली. थोड्या वेळाने आतून कुणाला तरी ठसका लागल्यासारखा आवाज आला. खरखरीत, अडकत अडकत. आईच्या घशात घास अडकला असं वाटून ती धावली, दार उघडलं.

आई हसत होती. वाकडं तोंड, डावा खांदा गदगदा हलतोय, डोळ्यांतून पाणी. बोडिलच्या डोक्यावर आईची विणलेली टोपी, उलटी. आईचं हसणं चोपन्न वर्षांत गुनवोर पहिल्यांदा ऐकत होती, आणि तिला ते ओळखता आलं नव्हतं.

आईची नजर तिच्यावर गेली. हसणं थांबलं. एकदम नाही, हळूहळू विरलं, आणि चेहरा पुन्हा तो नेहमीचा झाला.

“या ना आत,” बोडिल म्हणाली. आवाजात राग नव्हता, हे जास्त झोंबलं.

“नको,” गुनवोर म्हणाली. “चालू दे तुमचं.” तिने दार हलकेच ओढून घेतलं. बाकावर बसल्यावर आत पुन्हा सुरू होईपर्यंत बराच वेळ गेला. तोवर तिने मान वर केली नाही.

ऑक्टोबरात बोडिल कायमची दक्षिणेला गेली. तिकीट अर्थातच गुनवोरकडून घ्यावं लागलं.

“जाण्यायेण्याचं?” गुनवोरने विचारलं.

“नुसतं जाण्याचं,” बोडिल म्हणाली. मग पिशवी उचलताना तिने एक सांगितलं. “माशांची नावं चुकवत जा. तिला चालत नाही ते.”

गुनवोर आता रोज संध्याकाळी टेकडी चढायची. ती खिडकीशी बसून कॉडला हॅडॉक म्हणायची, हॅडॉकला हेरिंग. हे तिला जमत नसे. वर्गात उभं राहून पाठ म्हणावा तसं व्हायचं. आई तिच्याकडे बघे, कंटाळलेल्या नजरेने. हसली मात्र नाही. एकदा फक्त तिने डावा हात पुढे करून गुनवोरच्या कोटाचं सुटलेलं बटण लावायचा प्रयत्न केला, लागलं नाही, आणि हात तिथेच राहू दिला.

फेब्रुवारीत आस्लाउग गेली. गुनवोरने बोडिलला पत्र लिहायला घेतलं आणि तीन संध्याकाळी घालवल्या. प्रत्येक शब्दाची तिला धास्ती वाटायची, तिकडे याचा काय अर्थ होत असेल? ‘शांत’ लिहिलं, खोडलं. ‘रार’ लिहायचं होतं, बोडिलच्या अर्थाने, पण ते लिहायचा आपल्याला हक्क आहे का हे तिला कळेना. शेवटी अर्धं पान झालं. ते ती हेरबोर्गकडे घेऊन गेली.

“नीट बघ गं. काही भलतं नको जायला.”

हेरबोर्गने सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीवर गुनवोरने बोट ठेवलं. “हे? मला अजून लाज वाटते, असं लिहिलंय मी. तिकडे लाज म्हणजे दुसरंच काही नाही ना?”

“नाही,” हेरबोर्ग म्हणाली. “हा शब्द दोन्हीकडे एकच.”

गुनवोरने पत्र पाकिटात घातलं. पोस्टात त्या म्हाताऱ्यासमोर रांगेत उभी राहिली, आणि तिचा नंबर आल्यावर तिने पाकीट पुढे केलं, बोडिलचं नाव त्याला दिसेल असं.